पहिल्या बोलीला द्यायचं नाही

माझ्या घशात गाठ निघाली आणि घरातल्या सगळ्यांना कंठ फुटला. जी माणसं एरवी माझ्याकडे येऊन चहा घ्यायची, कांद्याचा भाव विचारायची आणि निघून जायची, ती आता किरणांवर बोलू लागली. कोणता किरण आरपार जातो, कोणता मध्येच थांबतो, कोणता जुना, कोणता नवा. बोलत नव्हतो तो फक्त मी. मला बोलायचं नव्हतं असं नाही. माझा आवाज समोरच्या सोफ्यापर्यंत पोहोचत नव्हता.

मी निफाडकडच्या एका बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, कांद्यात हात घालतो, एखादा कांदा दाबून बघतो. त्या घोळक्याच्या पुढे एक माणूस बोली ओरडत चालत असतो, तो मी. भोवती ट्रॅक्टरची घरघर, हमालांची ओरड, टरफलांची धूळ. त्या सगळ्यावरून शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव ऐकू गेला पाहिजे. नोकरीत माझ्याकडे दुसरं काही अवजार नव्हतं. आवाज बसला तेव्हा मी धुळीला शिव्या दिल्या, ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यालो. बसलेला आवाज उठेना तेव्हा लेकीनं नाशिकला बोलावून घेतलं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकातून नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला. मग आम्ही किरणांच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसलो.

बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय. एकाच स्वरतंतूवर आहे आणि लहान आहे. एक्स-रेचं रेडिएशन देऊ. बरं होण्याची शक्यता चांगली आहे आणि आवाजही बराचसा राहील. मशीन इथंच आहे. सोमवारी मास्कचं माप घ्यायला या."

मी मान हलवणार तेवढ्यात माझा थोरला भाऊ म्हणाला, "विचार करून सांगतो."

आता या विचार करून सांगण्याविषयी मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिथून घडलं. वडील लवकर गेले. दादानं शाळा सोडून सायखेड्याची शेती धरली, मला शिकवलं, माझं लग्न लावलं. त्यामुळे आमच्या घरात त्याच्या शब्दाबाहेर कोणी नाही, मीही नाही. आणि दादाचं आयुष्यातलं सगळं शहाणपण एका वाक्यात मावतं: पहिल्या बोलीला माल द्यायचा नाही. बोली लागली की तोंड वाकडं करायचं, ताडपत्री ओढायची आणि ट्रॅक्टर दुसऱ्या मार्केटला न्यायचा. शेतकऱ्याला तो हक्क आहे आणि दादानं तो जन्मभर मनसोक्त वापरला. कधी दोन पैसे जास्तही मिळाले. पण मी लिलावाच्या पुढे चालणारा माणूस. तीन मार्केटं फिरून, उन्हात ताडपत्रीखाली वाफाळून, खालचा थर मऊ पडलेली ट्रॉली संध्याकाळी परत आमच्याच आवारात आलेली मी कितीदा पाहिली आहे. तेव्हा ती सकाळच्या बोलीपेक्षा कमीला जाते आणि तिचा मालक व्यापाऱ्यांना शिव्या देत घरी जातो.

मुद्दा असा की माझी फाईल दादानं आपल्या कापडी पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली. आता ट्रॉली मी होतो.

लेकीच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बैठक भरली. माझे जावई अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. फ्रिज घ्यायचा तरी चार कंपन्यांचा तक्ता करतात. त्यांनी माझ्या आजाराचाही तक्ता केला होता. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, "मामा, एक्स-रे आरपार जातो. पुढून शिरला की मागून निघतो आणि वाटेत जे येईल त्याला थोडं थोडं भाजत जातो. प्रोटॉन म्हणजे कण असतात. ते ठरलेल्या खोलीपर्यंत जातात, तिथं सगळी ताकद टाकतात आणि थांबतात. पलीकडे काही जात नाही. एक्स-रे शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आज जगात प्रोटॉन चालतं."

त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती, हीच तर पंचाईत. चुकीचं बोलले असते तर कोणीतरी खोडून काढलं असतं. अर्धवट बरोबर बोलणाऱ्या माणसाला खोडून काढायला पूर्ण बरोबर माणूस लागतो, आणि तो दवाखान्यात बसला होता.

दादाला कणबिण काही कळलं नाही. त्याला एकच शब्द टोचला. "एक्स-रे?" तो म्हणाला. "एक्स-रे तर हाड मोडल्यावर काढत्यात. माझ्या गुडघ्याचा दोनदा काढला, गुडघा हाय तसाच हाय. फोटो काढून कुठं रोग जातो का?"

मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "दादा, तो वेगळा. याची ताकद लय असते."

"तू गप बस. डॉक्टरनं बोलू नको सांगितलंय ना तुला?"

हे बरं होतं. डॉक्टरांचं मशीन मान्य नाही, पथ्य तेवढं मान्य.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही. पण आमच्याकडे बाईनं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडायचं नाही अशी रीत आहे. एवढ्या वर्षांत ती दादाशी एक वाक्य सरळ बोललेली नव्हती. काही सांगायचं असलं की माझ्याकडे बघून सांगायची आणि मी ते दादाला मोठ्यानं सांगायचो, लिलावात सांगतात तसं. आता तो मार्गही बंद झाला होता. तिचं म्हणणं भांड्यांच्या आवाजातून तेवढं कळत होतं, आणि त्या दिवशी भांडी जोरात आपटत होती.

माझ्या हट्टाखातर आम्ही बाईंकडे पुन्हा गेलो. त्यांनी कंटाळा न करता कागदावर मान काढली, मध्ये कंठ काढला. म्हणाल्या, "प्रोटॉन चांगलंच आहे. लहान मुलाच्या डोक्यात गाठ असेल, डोळ्यामागे असेल, मणक्याला चिकटून असेल, तिथं पलीकडचं वाचवायला ते फार उपयोगी पडतं. यांची गाठ इथं पुढे, कातडीपासून जवळ आहे. एक्स-रे आम्ही दोन-तीन बाजूंनी आणतो. एकेका वाटेवर थोडाच मार बसतो आणि सगळ्यांची भेट गाठीवर होते. आणि कंठ काही एका जागी बसत नाही. आवंढा गिळला की वर जातो. जो किरण बरोबर ठरल्या जागी थांबतो, त्याला ती जागाही ठरल्या ठिकाणी लागते. यांच्यासाठी प्रोटॉननं जास्त फायदा होईल असं मी म्हणू शकत नाही. उशिराचा तोटा मात्र नक्की होईल."

यात न कळण्यासारखं काय होतं? मला बाजार समितीतल्या माणसाला कळलं. जावयांनी मान डोलावली. दादानं तर हात जोडले. आणि बाहेर पायऱ्या उतरताना म्हणाला, "ती तिच्याच मशीनचं गुण गाणार ना. आपलं ताक आंबट कोण म्हणतं?"

मी तिथंच पायरीवर बसलो. रागानं अंग तापलं होतं. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायचं जे साधन तेच आजारी. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात तसं माझं चाललं होतं. गाठ माझ्या घशात, आणि उपचार दादाच्या समाधानाला चालू होते. खरं सांगायचं तर मनात कुठंतरी मलाही मोह झाला. नवीन आहे, लांबचं आहे, एवढी माणसं म्हणतात, तर कदाचित आवाज जसाच्या तसा परत मिळेल. असा मोह होतोच. पण दोन शहाण्यांनी मिळून मला त्यात ढकलायची गरज नव्हती.

प्रोटॉनचं मशीन दक्षिणेकडच्या एका शहरात होतं. कागद पाठवले. उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं की काचा पाठवा, म्हणजे त्या तपासलेल्या तुकड्याच्या. त्या मिळवायला दिवस गेले. भेटीची तारीख मिळाली तर चुलत्याकडचं सुतक निघालं. सुतक फिटलं तर दादाचा उन्हाळी कांदा काढणीला आला आणि त्याच्याशिवाय आम्ही जाणं त्याला पटेना. मग अमावस्या आली. अमावस्येला आमच्या घरातून बैलसुद्धा बाजाराला जात नाही, मी कसा जाणार? प्रत्येक कारण आपल्या जागी खरं होतं. एकेक घेतलं तर कोणालाच दोष देता येणार नाही. सगळी मिळून माझ्या घशावर बसली होती.

दरम्यान भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. चहापेक्षा किटली गरम. एकानं सांगितलं की त्याच्या साडूला किरणांचा शेक दिला आणि तो जळून काळा पडला. एकजण गोमूत्र घेऊन आला. एक बाई माझ्याकडे बघत माझ्या बायकोला विचारत होत्या, "खायला-प्यायला जातं का?" मी समोर मिसळ खात बसलेलो. बिस्किटांचे पुडे आणि केळी इतकी जमली की लेकीनं ती खालच्या वॉचमनला दिली. आणि प्रत्येकाला दादा अभिमानानं सांगायचा, "आम्ही प्रोटॉनचं बघतोय." जणू मुलीसाठी परदेशातलं स्थळ बघत होता.

माझा घोगरा आवाज कुजबुजीवर आला. फोनवर लोक विचारायचे, "कोण बोलतंय?" रिक्षावाल्याला पत्ता सांगायला त्याच्या खांद्यावर थोपटावं लागायचं. एकदा मार्केटमधला माझा जुना सहकारी फोनवर नुसतं "हॅलो हॅलो" करत राहिला आणि मी बोलत असताना त्यानं फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. मरणाची नव्हे. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की किरणांनी काम झालं नाही तर स्वरयंत्र काढावं लागतं, मग गळ्याला भोक आणि त्यातून श्वास. मी त्या भोकाचा विचार करत बसलो होतो आणि आत दादा कोणालातरी सांगत होता की घाई करून भलं कुणाचं झालंय.

शेवटी गेलो. दादा, जावई आणि मी. तिथले डॉक्टर वयस्कर होते, हिंदीत बोलत होते. त्यांनी फाईल वाचली, स्वतः नळी घालून बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. मग नाशिकच्या बाईंनी सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं. जवळपास शब्दाला शब्द. गाठ उथळ आहे, कंठ हलतो, एक्स-रे पुरेसा आहे. इथं राहायचं कारण नाही. दादा ऐकत होता पण हार मानत नव्हता. म्हणाला, "पर साब, प्रोटॉन अच्छा है ना?"

"अच्छा है," डॉक्टर म्हणाले. "इनके लिए नहीं."

मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले की रिपोर्टात एका बाजूचा उल्लेख आहे, आता दुसऱ्या स्वरतंतूवरही दिसतंय, आणि पहिला नीट हलत नाही. अजूनही एक्स-रेनंच होईल, पण आता जास्त द्यावा लागेल, आणि आवाजाबद्दल आधी जे सांगितलं असेल ते धरून बसू नका. लवकर सुरू करा, घरी जाऊन विचार करत बसू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी दादाकडे बघून म्हटलं असं मला वाटलं. दादा मात्र मशीनच्या दाराकडे बघत होता.

परतीच्या प्रवासात मला वाटलं, झालं, आता तरी संपलं. फ्लॅटवर पोहोचलो, हातपाय धुतले, चहा झाला. आणि जावयांनी मोबाइल काढला. "दादासाहेब, प्रोटॉनपेक्षा जड कण असतात. कार्बनचे. त्यांचा मार जास्त असतो म्हणे. आपल्याकडे नाही मिळत बहुतेक, पण जपानमध्ये..."

मी कपाळावर हात मारून घेतला.

दादा सरळ होऊन बसला. "मग तेबी विचारून घिऊ. विचारायला काय जातंय?"

तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट होता. ती दादासमोर जाऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "विचारायला यांचा गळा जातोय," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी यांना नाशिकच्याच बाईंकडे नेतेय. तुम्हाला यायचं असलं तर या. फाईल द्या इकडं."

दादानं पिशवीतून फाईल काढून दिली. ती आत गेल्यावर बऱ्याच वेळानं दादा मला हळूच म्हणाला, "ही कधीपास्नं बोलाया लागली?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला तपासलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं आणि मास्कचं माप घ्यायला पाठवलं. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत दाबून बसवतात, ती तिथंच कडक होते. रोज त्या जाळीत मला टेबलाला जखडायचे आणि मशीन माझ्याभोवती फिरायचं. उजेड नाही, आवाज फारसा नाही, काही टोचत नाही. मशीन चालवणारी मुलगी माइकवरून सांगायची, "काका, आवंढा गिळू नका." आणि असं सांगितलं की माणसाला आवंढाच गिळावासा वाटतो.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग घसा भाजला. मानेची कातडी सोलून निघाली, थुंकी दोरीसारखी चिकट झाली, पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. बोलणं तर पूर्ण थांबलं. त्या सगळ्या काळात दादा रोज पहाटे सायखेड्याहून निघायचा. बसनं यायचा, किटलीतून ताक आणायचा, जे मला गिळता येत नव्हतं. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. आत गेलेल्या प्रत्येक पेशंटची चौकशी करायचा. मी बाहेर आलो की माझ्या मानेकडे बघायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा. एकदा त्यानं माझ्या पायांतल्या चपला नीट करून दिल्या. म्हाताऱ्या माणसावर रागवावं तरी कसं? पण राग जात नव्हता. प्रेम करणाऱ्या माणसानं आपलं नुकसान केलं की ते मोजायचं कुठं, हेच कळत नाही.

किरण संपले. घसा सावरायला पुढे बराच काळ गेला. मग तपासणीचा दिवस आला. बाईंनी नळी घातली, पडद्यावर बघितलं, सगळीकडून फिरवून बघितलं. "गाठ दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजू स्वच्छ आहेत. येत राहायचं, पण आज तरी चांगलं आहे." बायकोनं तिथंच पदर तोंडाला लावला.

मी आवाजाचं विचारलं. विचारताना जो आवाज निघाला त्यातच उत्तर होतं, तरी विचारलं.

"घरात, जवळच्या माणसाशी बोलण्यापुरता राहील," त्या म्हणाल्या. "ओरडायचं मात्र आता विसरा."

"आणि पहिल्या सोमवारी आलो असतो तर?"

बाईंनी हातमोजे काढले. "तेव्हा एकाच बाजूला होतं," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दादा बाहेर रस्त्यावर उभा होता, रिक्षांच्या गर्दीत. त्याला बायकोनं माझ्याआधी बाहेर जाऊन सांगितलं होतं, ती आता त्याच्याशी सरळ बोलत होती. तो फोनवर गावाकडच्या कोणाला तरी खबर देत होता. डोळे पुसत होता आणि हसत होता. "साफ हाय म्हणत्यात. रोग गेला. लय फिरवला ना त्याला आम्ही. येकाच्या भरवशावर नाय राहिलो, म्हणून वाचला. तुझ्या मेव्हणीचंबी तसंच कर. पहिला डॉक्टर सांगंल ते लगेच ऐकू नको."

मी त्याच्या जवळ गेलो. फोन खाली होईपर्यंत थांबलो. इतके दिवस साठवलेलं सगळं एका वाक्यात आणलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणालो, "दादा, तू फिरवलंस म्हणूनच माझा आवाज गेला. त्या मेव्हणीला फिरवायला सांगू नकोस."

शेजारून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. दादानं कानाला हात लावला आणि मायेनं माझ्याकडे वाकला.

"मोठ्यानं बोल ना बाबा," तो म्हणाला. "काय बी ऐकू नाय येत."